नेमतमहालातलं पाणी

"बघ, बघ! पुन्हा तिकडेच चालली!" मार्तंड हौदाच्या काठावर पालथा पडून ओरडला.

"कागदाची होडी आहे ती, मातू. चालणारच! तुझ्यासारखी पालथी पडून राहील काय?" गिरिधर पाण्यात उताणा तरंगत म्हणाला.

"अरे, पण उत्तरेच्या कोपऱ्यात सोडली की सुटते सरळ मधल्या कारंज्याकडे. आणि इकडच्या कोपऱ्यात सोडली की जागची हलत नाही! वारा तर जरासुद्धा नाही!"

लीनानं बोट ओलं करून वर धरलं. खरंच, वाऱ्याचा पत्ता नव्हता. मे महिन्यातली सकाळ होती आणि नेमतमहालाच्या भिंतींवर उगवलेलं वाळकं गवतसुद्धा गप्प उभं होतं.

"वारा नाही आणि होडी चालते," लीना म्हणाली, "म्हणजे पाणीच चालतंय."

"साठवलेलं पाणी कुठे चालतं का?" गिरिधर हसला. "शामकांतकाका काय म्हणाले? गेल्या पावसाळ्याचं पाणी आहे हे."

"गेल्या पावसाळ्यात पाऊस पडलाच कुठे? सगळीकडे दुष्काळ आहे. पुण्याहून येताना एसटीतून काय दिसत होतं तुला? हिरवं पान होतं का एक तरी?"

गिरिधरनं पाण्यात बुडी मारली आणि लीनाच्या अंगावर पाणी उडवून विषय संपवला.

लीना बारा वर्षांची, मार्तंड तिचा धाकटा भाऊ आणि गिरिधर आतेभाऊ. लीनाचे बाबा पुण्यातल्या शाळेत मास्तर होते. शामकांतकाका त्यांचे कॉलेजपासूनचे जिवलग मित्र. नगरपासून थोड्या अंतरावर, हिवरगव्हाण गावाच्या डोक्यावर डोंगराच्या कुशीत हा नेमतमहाल होता. निजामशाहीतल्या कुणा सरदारानं उन्हाळ्यात राहायला बांधलेला. जाड जाड दगडी भिंती, उंच कमानी आणि चौकात हा भलामोठा हौद. आता तिथे एका शिक्षणसंस्थेचं मुलांचं वसतिगृह होतं आणि शामकांतकाका त्याचे रेक्टर होते. मे महिन्यात मुलं घरी गेली की रिकाम्या खोल्या सुट्टीत येणाऱ्या कुटुंबांना मिळत. यंदा काकांनी बाबांना आग्रहानं बोलावलं होतं.

आणि काय काका होते! इतिहास सांगायला लागले की कमानीतून घोडे दौडत आल्यासारखं वाटायचं. लीनाला ते फार आवडायचे. बाबा घरी गप्प असत. इथे काकांशी बोलताना तेही मोठमोठ्यानं हसत. असे हसणारे बाबा तिनं पहिल्यांदाच पाहिले होते.

"काय चाललंय, सरदार लोक?" काका पन्ह्याचे पेले घेऊन चौकात आले. गुडघ्याएवढ्या मोगऱ्याच्या झुडपांना बन्सी माळी झारीनं पाणी घालत होता.

"काका, हौदात पाणी येतं का कुठून?" मार्तंडनं सरळच विचारलं.

काकांचा हात क्षणभर थांबला. मग ते खो खो हसले. "येत होतं! तीनशे वर्षं येत होतं. डोंगरातल्या झऱ्यापासून इथपर्यंत जमिनीखालून खापरी नळ आहे. त्यालाच नहर म्हणतात. नळात हवा कोंडू नये म्हणून जागोजागी विटांचे उसासे बांधलेत, धुराड्यासारखे. डोंगरात दिसतील बघा तुम्हाला. काय डोकं होतं त्या लोकांचं! पण आता नहर आटली. मेली बिचारी."

"मग होडी का चालते?"

"तुमच्या उड्यांनी!" काका म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि एक ऐका. खाली गावात हौदाचा विषय काढायचा नाही हं. पोरांची झुंड येते, दगड टाकतात. ऐतिहासिक वास्तू आहे ही."

"काका सांगतात तसं वागा," बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले.

दुपारी मार्तंडला लिमलेटच्या गोळ्या हव्या होत्या, म्हणून तिघं गावात उतरली. टेकडीच्या पायथ्याशी एक लांबलचक दगडी कुंडी होती. तिच्यावर कोरलेल्या गोमुखातून पाणी पडायची सोय होती, पण गोमुख कोरडं ठणठणीत होतं. कुंडीच्या काठावर लीनाच्याच वयाची एक मुलगी रिकामा हंडा मांडीत घेऊन बसली होती. ती लीनाकडे टक लावून पाहू लागली.

"तुजं केस वलं कशानं गं?" तिनं विचारलं.

लीनाचा हात आपोआप वेणीकडे गेला. वेणीच्या टोकातून अजून पाणी ठिबकत होतं.

"न्हाले मी."

"आज?"

"हो..." रोज न्हातो, रोज पोहतो, असं लीनाच्या जिभेवर आलं होतं. पण काकांनी बजावलं होतं. तिनं वेणी पाठीमागे टाकली.

त्या मुलीचं नाव चांगुणा. तिची आई बनुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. "माज्या आजीच्या आजीपासून ह्या कुंडीला पानी हुतं," चांगुणा म्हणाली. "कंदीच आटलं न्हाई. संक्रांतीच्या सुमाराला करंगळीएवढं झालं आन मग बंदच पडलं. रेक्टरसाहेब म्हनले, वरची नहर मेली."

"मग आता पाणी कुठून आणता?"

"त्या हिरीतून." तिनं बोटानं दाखवलं. "तळाला घोटभर झिरपतंय. मला दोरानं सोडत्यात खाली. मी वाटीनं भरती. हलकी हाय ना मी."

"बाप रे! भीती नाही वाटत?" मार्तंडचे डोळे मोठे झाले.

"वाटती की! कडंचं दगूड सुटल्यात. पन मग पानी कोन देईल? तू देतोस का?" ती हसली. मार्तंड मात्र हसला नाही. त्या दिवशी लिमलेटच्या गोळ्या कुणी आणल्याच नाहीत.

टेकडी चढताना लीना एकदम थांबली. "गिरिधर, गावातलं पाणी बंद झालं, आणि आपल्या हौदात होडी चालते. काका म्हणतात नहर मेली. मेलेली नहर ऐकू येते का, बघू या?"

"ऐकू? म्हणजे?"

"उसासे आहेत ना! कान लावायचा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी "फुलपाखरं बघायला जातो" असं आईला सांगून तिघं डोंगरात शिरली. "या उन्हात कसली फुलपाखरं!" असं आई म्हणेपर्यंत ती कमानीबाहेर पडली होती.

काकांनी शिकवल्याप्रमाणे उसासे शोधणं मुळीच कठीण नव्हतं. बाभळींमधून पुरुषभर उंचीचे विटांचे खांब एका ओळीत चढत गेले होते. पहिल्या खांबाच्या फटीला गिरिधरनं कान लावला आणि त्याचा चेहराच बदलला.

"लीने! खळखळतंय!"

"मला ऐकू दे! मला!" मार्तंड उड्या मारू लागला.

आत खोल कुठेतरी पाणी बोलत होतं. वरच्या खांबातही तेच आणि त्याच्या वरच्या खांबातही तेच. नहर ठणठणीत जिवंत होती! तिघांनी एकमेकांचे हात धरून फेर धरला. मग लीना भानावर आली.

"आता खालचे बघू. महालापासून गावाकडे जाणारे."

महालाच्या खालच्या अंगाच्या खांबांना त्यांनी कान लावले. एकातही आवाज नव्हता. नुसती कोंदट, गरम हवा.

"म्हणजे पाणी महालापर्यंत येतं आणि तिथेच नाहीसं होतं," गिरिधर हळू आवाजात म्हणाला.

महालाच्या मागच्या भिंतीला लागून एक बसकी दगडी कोठी होती. जुन्या काळी इथेच पाण्याची वाटणी होई. दाराला भलंमोठं कुलूप होतं, पण बाजूला एक झरोका होता. त्यातून मार्तंडशिवाय कुणीही मावलं नसतं. शर्ट काढून, पोट आत ओढून तो सुळकन आत गेला.

"काय दिसतंय?"

"पाणी!" त्याचा आवाज घुमला. "वरून धो धो येतंय! दोन तोंडं आहेत. एकातून हौदाकडे जातंय. आणि दुसरं..." तो थांबला. "ताई, दुसरं तोंड बंद केलंय. सिमेंटनं. मधे गोणपाटसुद्धा कोंबलंय. कडेला थापीचे वळ दिसतायत."

निजामशाहीत सिमेंट नव्हतं, हे सांगायला कुणा इतिहासकाराची गरज नव्हती.

लीना धावतच बाबांकडे गेली. ते व्हरांड्यात एकटेच बसले होते. एका दमात तिनं सगळं सांगितलं. होड्या, कुंडी, उसासे, कोठी, चांगुणा, सगळं! आता बाबा ताडकन उठतील, चप्पल घालतील, असं तिला वाटलं.

बाबा उठले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"लीना," ते म्हणाले, "हे कुणाकुणाला सांगितलंस?"

तो प्रश्न ऐकून लीना एक पाऊल मागे सरकली.

"बाबा... तुम्हाला माहीत होतं?"

"शामकांत बोलला होता आल्या आल्या. त्याची बाजूही समजून घे. जूनमध्ये मुलं परत येतील. हौद कोरडा असला तर संस्था वसतिगृह बंद करेल. खेड्यापाड्यातली गरीब मुलं आहेत, ती कुठे शिकतील?"

"मग मोगऱ्याला पाणी कशाला? आम्हाला पोहायला कशाला?"

"उद्या संस्थेचे अध्यक्ष पाहणीला येतायत. त्यांना सगळं नीट दिसायला हवं. ते गेले की मी शामकांतशी बोलतो. अगदी नक्की. तोपर्यंत तू गप्प राहायचंस. माझं ऐकशील ना?"

लीनानं आजवर बाबांचं ऐकलं नव्हतं असं कधी झालंच नव्हतं. तिनं मान हलवली. गिरिधर आणि मार्तंडला तिनं सांगितलं, "बाबा बघणार आहेत." बाबांना आधीच माहीत होतं, एवढं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

त्या दुपारी ऊन डोक्यावर असताना खालून ओरडा ऐकू आला. बायकांचा आक्रोश होता तो. बाबा, बन्सी आणि तिन्ही मुलं धावत उतरली. विहिरीभोवती गर्दी होती. कडेचे दगड सुटून आत कोसळले होते आणि चांगुणा आत होती.

"चांगुणे! माजे बाये!" बनुबाईला दोघीतिघींनी धरून ठेवलं होतं.

बन्सी दोर कमरेला बांधून खाली उतरला. वरून गिरिधर आणि बाबा सगळ्यांबरोबर दोर ओढत होते. चांगुणा वर आली तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण ती रडत नव्हती. तिचा उजवा पाय बघून लीनानं मार्तंडचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं. पोरीच्या मुठीत अजूनही वाटी होती.

दुष्काळी कामावरच्या ट्रकमधून तिला नगरला दवाखान्यात नेलं. ट्रकची धूळ खाली बसली तरी लीना तिथेच उभी होती. काल कुंडीपाशी हौदाचं सांगितलं असतं तर? आज सकाळी सांगितलं असतं तर? ती बाबांकडे वळली. बाबांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

"मी गप्प राहणार नाही," ती गिरिधरला म्हणाली. "कुणी काहीही सांगितलं तरी!"

तिघं थेट सरपंचांच्या घरी गेली. आबासाहेब सरपंच ओसरीवर डोकं धरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निरोप धाडून शामकांतकाकांना बोलावून घेतलं.

काका आले ते हसतच. "आबासाहेब, शहरातली पोरं! सुट्टीत रहस्यकथा वाचतात आणि डोक्यात काहीबाही घेतात. ती कोठी केव्हापासून बंद आहे. किल्ली संस्थेच्या ऑफिसात असते. अहो, नहर मेलेली आहे!"

"खोटं!" मार्तंड ओरडला. "मी आत गेलो होतो!"

"मातू," काका शांतपणे म्हणाले, "मोठ्यांशी असं बोलतात?"

आबासाहेबांनी एकदा काकांकडे आणि एकदा मुलांकडे पाहिलं. "पोरांनो, मी तुमचं खोटं मानत न्हाई," ते म्हणाले. "पन साहेब शिकल्यालं मानूस हाय. त्यांच्या दाराचं कुलूप फोडायला मला डोळ्यांनी कायतरी दिसाया पायजे."

परत येऊन बघतात तो कोठीच्या झरोक्यावर जाड फळी ठोकलेली! तिघं भिंतीला टेकून बसली.

"डोळ्यांनी दिसायला पाहिजे," गिरिधर पुटपुटला. "पाणी काय सांगणार, मी कुठून आलो ते?"

"सांगेल की!" लीना एकदम सरळ बसली. "मातूच्या होड्या! वरच्या उसाशातून काहीतरी सोडायचं. ते वाहत हौदात येईल! सगळ्यांच्या डोळ्यांसमोर!"

"होड्या भिजून लगदा होईल," मार्तंड म्हणाला. होड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असे. "भेंड पाहिजे. ज्वारीच्या धांड्यातला हलका गाभा. गावातली पोरं त्याच्या बैलगाड्या करतात ना? ते बुडतच नाही!"

गावातल्या पोरांना दोनदा सांगावं लागलं नाही. चांगुणाला विहिरीत सोडताना दोराला तीसुद्धा हात लावत होती. जनावरांनी चघळून टाकलेली धांडं गोळा करून, सोलून, त्यांनी पांढऱ्या भेंडाची टोपली भरली आणि घरं सारवायला आणलेल्या कावेत ती बुडवून लालभडक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचे अध्यक्ष मोटारीतून आले, बरोबर चार पाहुणे घेऊन. हौदाच्या काठी खुर्च्या मांडल्या होत्या, मोगऱ्याचे गजरे होते, सरबत होतं. पोरांचं बोलणं खोटं पाडायला गावकरी मंडळींनाही काकांनी मुद्दाम बोलावलं होतं. मागे, कमानीच्या सावलीत, आबासाहेब पाच-सहा जणांबरोबर उभे होते. बाबा शेवटच्या खुर्चीत बसले होते.

"वा, शामकांत, वा!" अध्यक्ष पाण्यात हात बुडवून म्हणाले. "दर खेपेला येतो आणि दर खेपेला थक्क होतो. या दुष्काळात असा हौद!"

"नियोजन, साहेब!" काका म्हणाले. "मागच्या पावसाच्या चार सरी आल्या, त्या धरून ठेवल्या. नहर तर मेलेली. बाहेरून एक थेंब येत नाही यात!"

"एक थेंबसुद्धा नाही?" लीनानं पुढे होऊन मोठ्यानं विचारलं.

काकांच्या कपाळावर आठी पडली. "नाही, बाळ."

लीनानं मार्तंडकडे पाहिलं. मार्तंडनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली. महालाच्या भिंतीवर बसवलेल्या गावातल्या एका पोरानं ती डोंगराकडे पोचवली. वर, उसाशापाशी, गिरिधर टोपली घेऊन उभा होता.

काका बोलत राहिले. सरबत फिरलं. काहीच घडेना. मार्तंड नखं खाऊ लागला. कुठे अडकलं की काय? नळात वळण असेल तर?

आणि उत्तरेच्या कोपऱ्यात पाण्याखालून काहीतरी लाल टुणकन वर आलं!

मग दुसरं! मग पाच, दहा! लाल तुकड्यांची रांगच्या रांग उसळून वर येऊ लागली आणि डुलत डुलत कारंज्याकडे निघाली!

"आलं! आलं!" मार्तंड हौदाभोवती नाचू लागला. "वरच्या उसाशातून सोडलंय आम्ही! मेलेल्या नहरेतून!"

आबासाहेब सावलीतून बाहेर आले. त्यांनी वाकून एक तुकडा उचलला, बोटानं काव पुसून पाहिली.

"भेंड हाय," ते म्हणाले. "साहेब, ही कुठल्या पावसाची सर म्हनायची?"

शामकांतकाकांनी आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा खुर्चीत जमिनीकडे बघत बसले होते. लीनाला क्षणभर काकांची कीव आली. मग तिला मुठीतली वाटी आठवली आणि तिनं मान फिरवली.

कोठीचं कुलूप पहारीच्या दोन घावांत तुटलं. सिमेंटला थोडा वेळ लागला. शेवटचा घाव बसला आणि गोणपाटासकट पाणी दणदणत सुटलं. खाली कुंडीपाशी बाया, म्हातारे, पोरं, सगळं गाव उभं होतं. आधी गोमुखातून वारा फुसफुसला, मग गढूळ पिचकारी उडाली आणि मग पाणी आलं! कुणी हंडे लावले, कुणी ओंजळी. एक म्हातारी कुंडीत हात बुडवून नुसती बसून राहिली.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे भाषण केलं. "शाबास! अशा चौकस मुलांचा आम्हाला अभिमान वाटतो. घडल्या प्रकाराची मला यत्किंचितही कल्पना नव्हती. दोषी माणसाची गय केली जाणार नाही!" त्यांच्या मनगटाला अजून मोगऱ्याचा गजरा होता. दर खेपेला येऊन थक्क होणाऱ्या या माणसाला पाणी कुठून येतं हे विचारावंसंही कधी वाटलं नव्हतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबासाहेबांनी मार्तंडला खांद्यावर उचललं, गिरिधरच्या पाठीत जोरात थाप मारली. लीनाच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पोरी, आमच्या डोळ्यांवरचं झापड काढलंस."

इतकी शाबासकी लीनाला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. शाळेत एखादं बक्षीस मिळालं तरी ती रात्रभर जागी राहायची. आज तिला वाटत होतं, हे लोक लवकर जातील तर बरं.

मुक्काम अर्धाच टाकून दुसऱ्या दिवशी लीनाच्या घरची मंडळी निघाली. नगरला एसटी बदलायची होती. आईनं मोसंब्यांची पिशवी घेतली होती. "त्या मुलीला बघूनच जाऊ," ती म्हणाली.

दवाखान्यात चांगुणाचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. डॉक्टर बाहेरच भेटले. पाय वाचला होता, पण गुडघा आता कधी वाकणार नव्हता.

"कुंडीला पाणी आलं!" मार्तंडनं तिला सांगितलं. "एवढं मोठं!"

"कळलं मला," चांगुणा म्हणाली. ती हसली नाही, रागावलीही नाही. "आता हिरीत कुनाला सोडायला नगं."

बनुबाई खाटेशी खाली बसली होती. ती उठली. तिनं लीनाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "लई गुनाची गं तू! सरपंच सांगत हुते समदं." मग ती बाबांकडे वळली आणि हात जोडले. "मास्तर, दोर वढायलाबी तुमी हुता. आन लेकीला असं वळन लावलंत! देव तुमचं भलं करील."

बाबांनी मोसंब्यांची पिशवी पुढे केली. "अहो, त्यात काय एवढं," ते पुटपुटले.

लीना वाट बघत राहिली. आता बोलतील. आता तरी बोलतील. बनुबाईनं पिशवी घेतली. बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. "चला, गाडीची वेळ होईल."

"बाबांना माहीत होतं," लीना म्हणाली.

"लीना!" आईचा आवाज चिरकला.

"पाणी अडवलंय हे बाबांना आधीपासून माहीत होतं, मावशी. मलाही त्या दिवशी सकाळी कळलं होतं. बाबा म्हणाले गप्प राहा, म्हणून मी गप्प राहिले. आणि दुपारी..." पुढचं तिला बोलता येईना. "आम्ही रोज त्या हौदात पोहत होतो."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी कण्हायची थांबली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बनुबाई, मी..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले.

बनुबाईनं मोसंब्यांची पिशवी उचलली आणि बाबांच्या हातात परत दिली. मग लीनाच्या खांद्यावर हात ठेवला. खडी फोडून सोललेला, खरखरीत हात.

"तू बोललीस, त्ये लई मोठं केलंस, पोरी," ती म्हणाली. "तू येत जा आमच्याकडं. तू ये."

लीनानं मान हलवली. चांगुणानं खाटेवरच थोडी जागा केली आणि लीना तिच्याशेजारी टेकली. बाबा पिशवी घेऊन दाराबाहेर गेले होते. मार्तंड दाराकडे बघत होता, मग ताईकडे. शेवटी तो येऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.